ठिपकीनं अडवलेलं गाव

एकदा काय झालं, अख्खं गावच्या गाव घरांना कड्या घालून निघून गेलं. म्हातारेकोतारे गेले, तान्ही बाळं गेली, गुरं गेली, कुत्री-मांजरं गेली, आणि मागं उरली ती नुसती घरं. हसू नका. खरंच जायचे. आपल्या कोकणात अशी गावं होती, बरं का, काही अजून आहेत. ह्याला म्हणतात गावपळण. भातं झोडून झाली, कणग्या भरल्या, थंडी पडली, की देवाचा हुकूम सुटायचा. दर वर्षी नाही, तीन वर्षांतून एकदा. मग तीन दिवस गावात चिटपाखरू ठेवायचं नाही.

का म्हणून? आता कुणी म्हणतं, पूर्वी समुद्रातून चाचे यायचे, त्यांना चकवायला लोक पळायचे, तीच सवय पडली. कुणी म्हणतं पटकीची साथ यायची म्हणून. तुमचे मास्तर आणखी तिसरं काही सांगतील. सांगू देत. मला माझ्या आजीनं सांगितलं ते मी सांगते. माझी आजी कुणाच्या बापाला भीत नव्हती, मग ती खोटं कशाला बोलेल?

तर त्या गावाचं नाव होतं चिरेखोल. आणि चिरेखोलाला एक राखणदार होता. त्याला म्हणायचे देवचार. देवचार म्हणजे भूत नव्हे हं, पांघरुणात तोंड लपवायचं काही कारण नाही. तो गावाचा रखवालदार. खांद्यावर काळी घोंगडी, हातात घुंगुरकाठी, आणि पायात केवढ्या चपला, तर एकेका चपलेवर माणसानं अंथरूण घालून निजावं. दिसायचा मात्र कुणाला नाही. काठीची छुम छुम तेवढी ऐकू यायची. चुकलेलं वासरू गोठ्याकडे वळवायचा, खाडीत भरकटलेली होडी खडकापासून लांब लोटायचा, कुणी चोर शिरला तर त्याला रात्रभर एकाच माडाभोवती फिरवत ठेवायचा. तीन वर्षं डोळ्याला डोळा नाही. मग दमणार नाही का तो? देव झाला म्हणून काय झालं!

म्हणून तीन वर्षांनी तीन दिवस देवचार झोपायचा. आणि हा एवढा मोठा, की गावभर पसरल्याशिवाय त्याला झोपच लागायची नाही. उशाला देऊळ घ्यायचा आणि पाय थेट खाडीपर्यंत ताणायचा. आता तुम्हीच सांगा, गावात कुणी राहिलं तर चेंगरणार की नाही? म्हणून गाव रिकामं करायचं. उंदीर, पाली, मुंग्या राहायच्या. त्यांचं देवाशी काय ठरलं होतं ते मला विचारू नका. पण माणसानं पाळलेला एकही जीव मागं ठेवायचा नाही, असा कायदा.

ह्या चिरेखोलात एक नवी सून आली होती. सगुणा तिचं नाव. तिचं माहेर लांब, डोंगराच्या पायथ्याला. तिकडे गावपळण वगैरे काही नाही. नवरा गलबतावर खलाशी, समुद्र शांत झाला की तो गेलाच. घरात राहिली सगुणा आणि तिची सासू मथुराबाई. मथुराबाईचं तोंड म्हणजे लवंगी मिरची. हिला भाकरी थापता येत नाही, हिला सारवण जमत नाही, हिच्या आईनं हिला शिकवलं तरी काय. सगुणा उलटून बोलायची नाही. घरातलं खाणंपिणं, भांडीकुंडी, गोठा आवरायची, आणि सासू घोरायला लागली की मग कुठे आपली पाठ टेकायची.

तिचं मन मोकळं व्हायचं ते एकाच जिवापाशी. तिच्या आईनं पाठवणीच्या वेळी तिच्या काखेत एक कोंबडी दिली होती. पांढरीशुभ्र, अंगभर काळे ठिपके. ठिपकी. सगुणा खळ्यात धान्य निवडत बसली की ठिपकी तिच्या पदरावर येऊन बसायची. आणि सगुणा तिला माहेरच्या गोष्टी सांगायची. कोंबडीला काय कळतंय म्हणता? माणसांना तरी सगळं कुठे कळतं!

आणि गावपळण बारा-तेरा दिवसांवर आली तशी ठिपकी नाहीशी झाली. पिसं नाहीत, रक्ताचा थेंब नाही. सगुणानं परस पालथं घातलं, माडाच्या बुडात बघितलं, विहिरीत डोकावली. मथुराबाई म्हणाली, "कोल्ह्यान नेल्यान गो ती. आता रडान काय येतली?" सगुणा चुलीपुढे बसून रडली. धुरापाशी रडलं म्हणजे कुणी विचारत नाही.

मग गावपळणीचा दिवस उजाडला. काय ती गंमत! बैलगाड्यांवर कणगीतले तांदूळ, हंडे, कळशा. कोंबड्या डालग्यात. म्हशी निघायला तयार नाहीत, बोके पोत्यात, आणि पोतं आपलं आपणच रस्त्याभर गडगडतंय. गावाच्या शिवेवर एक व्हाळ होता, म्हणजे ओढा. तो ओलांडून पलीकडच्या माळावर माडाच्या चुडतांच्या, म्हणजे झावळ्यांच्या, खोपी घातल्या होत्या. तिथे सगळे राहायचे. भेंड्या लावायचे, फुगड्या घालायचे, एका चुलीवर चार घरांची कढी शिजायची. पोरांना तर वाटायचं, देवचारानं वर्षभर झोपावं.

मथुराबाईचं घर व्हाळाच्या अगदी काठाला, गावातलं पहिलं. त्यामुळे खोपीत बसलं की समोर आपलंच घर दिसायचं. सगुणाला ते बरं वाटत होतं. मथुराबाईला मात्र काहीतरी बोचत होतं. ती कान देऊन बसली.

"कसलो आवाज ऐकतंस आये?" सगुणानं विचारलं.

"आवाज येणा नाय, ताच ऐकतंय," मथुराबाई म्हणाली. "दर पळणीक तो घोरता. जमीन हालता, माडाची चुडतां एका तालात वर-खाली होतत. औंदा कायच नाय."

खरंच काही नव्हतं. उलट भर दुपारी पलीकडून छुम छुम छुम, घुंगुरकाठी गावभर हिंडत होती. पहिल्या दिवशी हिंडली, दुसऱ्या दिवशी हिंडली, तिसऱ्या दिवशीही हिंडली.

मग तीन दिवस सरले. आता देवाला विचारून गावात परत जायचं. ते कसं विचारायचे, ऐका. शिवेवर एक उभा दगड होता देवचाराच्या नावाचा. त्याच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची. मग गावाचा मानकरी गाऱ्हाणं घालणार. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्यानं केलेली विनंती. तो एकेक बोलणार आणि दर बोलण्याला अख्खा गाव ओरडणार, "होय म्हाराजा!" उजवी पाकळी पडली की देव हो म्हणाला. डावी पडली की नाही म्हणाला.

चिरेखोलाचा मानकरी होता रवळू गावकर. पोटानं रुंद, आवाज असा की पलीकडच्या गावात म्हशी थबकाव्यात. त्यानं पागोटं सारखं केलं आणि सुरू केलं, "बा देवचारा म्हाराजा, तू आमचो राखणदार! आमी तुझी लेकरां! रीतीप्रमाणे तीन दिवस भायर रवलों. आता आमका आमच्या घराक जाऊक दी. तुका नारळाचा तोरण बांधतलों!"

"होय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला.

पडली. डावी पाकळी पडली.

असं कधीच झालं नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. रवळू गावकर म्हणाला, "कोणाचा तरी जनावर आत ऱ्हवलाहा. मोजा!" मग मोजामोजी सुरू झाली. ज्यानं त्यानं आपापली गुरं मोजली, बकऱ्या मोजल्या. एका म्हाताऱ्यानं तर आपली नातवंडं मोजली आणि एक जास्तच निघालं, ते शेजारच्यांचं होतं. सगळं जागच्या जागी. मग आत आहे तरी कोण?

दुपार झाली. ऊन तापलं. आणि मथुराबाईच्या खळ्यात गवताची उडवी होती ना, रचलेला पेंढा, त्याच्या पोटातून कुणीतरी बाहेर आलं. अंग फुगवलेलं, पंख पसरलेले, क्लक क्लक क्लक करत. व्हाळाच्या पलीकडच्या काठावर आलं, घटाघटा पाणी प्यालं.

"ठिपके!" सगुणा ओरडली. आनंदानं तिनं टाळीच वाजवली. जिवंत होती हो तिची ठिपकी! खुडूक झाली होती. म्हणजे कोंबडी अंडी उबवायला बसते ना, तशी. चोरून उडवीत घरटं केलं होतं बयेनं, आणि तिथेच बसली होती इतके दिवस. दुपारी सगळे कलंडले की एकदा गुपचूप उठायची, खायची, प्यायची, की परत अंड्यांवर.

पण सगुणाची टाळी वाजली आणि अख्खा गाव तिच्याकडे वळून बघायला लागला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो.

"कोणाची ती कोंबडी?" रवळू गावकरानं विचारलं.

आता ती गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? पण सगुणा म्हणाली, "माझी. माझ्या म्हायेरची. माका वाटला ती मेली."

झालं. कुजबुज सुरू. बाहेरून आलेली पोर, हिला काय आपल्या देवाची रीत, हिच्या एका कोंबडीनं सगळ्या गावाला देशोधडीला लावलं. सगुणानं मान खाली घातली. आणि आता पेच बघा कसा पडला. कोंबडी बाहेर आल्याशिवाय देव आत सोडत नाही. आणि आत गेल्याशिवाय कोंबडी आणायची कशी? देवाचा हुकूम नसताना कुणी व्हाळात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर तो आणखी एक जीव आत.

मग व्हाळाच्या अलीकडूनच उपाय सुरू झाले. आधी तांदूळ टाकले. मूठमूठ तांदूळ पलीकडच्या काठावर फेकले, म्हणजे टिपत टिपत येईल. ठिपकी आली. एकूण एक दाणा टिपला, चोच पुसली आणि तुरुतुरु उडवीत परत. मग ढोल आणले. इतके बडवले, इतके बडवले की अलीकडच्या सगळ्या कोंबड्या डालगी मोडून पळाल्या. त्या धरायला संध्याकाळ झाली. ठिपकी जागची हलली नाही. मग रवळू गावकरानं आपला कोंबडा आणला. काय त्याचा तुरा, काय त्याची ऐट! तो काठावर उभा राहून आरवला, आरवला, आरवून आरवून त्याचा घसा बसला. आतून ठिपकी एकदाच म्हणाली, क्लक. म्हणजे काय ते तुम्ही समजा. अहो, अंड्यांवर बसलेली कोंबडी म्हणजे काय चेष्टा आहे? राजाचं लष्कर आलं तरी ती उठत नाही.

दुसऱ्या सकाळी रवळू गावकरानं परत गाऱ्हाणं घातलं. देवचाराला नवीन चपलांचा जोड कबूल केला. होय म्हाराजा झालं. डावीच पाकळी पडली. तिकडे तांदूळ संपत आले. थंडीनं म्हातारी माणसं खोकायला लागली. दूध आटलं. फुगड्या बंद झाल्या आणि भांडणं सुरू झाली. मथुराबाईशी तर कुणी बोलेना. आणि मथुराबाई सगुणाशी बोलेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सगुणाला वाटलं.

तिसऱ्या सकाळी सगुणा पाण्याला गेली. व्हाळाच्या काठी कळशी बुडवली आणि समोर आपल्या खळ्याकडे बघितलं. दव पडून खळं ओलं झालं होतं, आणि त्यावर पावलं उठली होती. चपलांची. ही केवढी! पावलं उडवीपर्यंत गेली होती, उडवीपाशी थांबली होती, तिथून मागं फिरली होती. परत उडवीपर्यंत, परत मागं. पण उडवीवर कुठं पडली नव्हती. एक काडी मोडली नव्हती. सगुणा बघतच राहिली.

सगळे म्हणत होते देव कोपला. ह्याला काय कोप म्हणायचा? सगुणाला वाटलं, हा कोपलेला नाही, हा दमलेला आहे. बिचाऱ्याचे डोळे मिटताहेत, पण आडवं व्हायला जागा नाही. आडवा झाला तर कोंबडी चिरडेल. सगळं आवरेपर्यंत पाठ टेकायची नाही म्हणजे काय, ते सगुणाला ठाऊक होतं हो. तिचे डोळे भरून आले. एवढा थोरला देव, आणि एका कोंबडीसाठी दिवसचे दिवस उभा!

ती धावत परत आली, तर शिवेवर गाव जमलेला. पाकळ्या लावून झालेल्या. रवळू गावकर सांगत होता, "माका समाजला. देवचाराक काय होया ता माका समाजला. नारळ नको, चपला नको, तेका ती कोंबडीच होयी! म्हणान तेना अडवल्यान." आणि त्यानं हात जोडून आवाज चढवला, "बा देवचारा म्हाराजा! ती ठिपक्यांची कोंबडी तुका दिली! ती खा, तिची अंडी खा, आणि आमका आत घे!"

सगळ्यांनी श्वास घेतला होय म्हाराजा म्हणायला. आणि तेवढ्यात एकच आवाज आला.

"नाय म्हाराजा!"

अरे बाप रे! चिरेखोल वसल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं. सगुणा पुढे आली.

"गावकरमामा, देव कोंबडी मागणा नाय. खाऊची असती तर तेना कधीच खाल्ली असती. आत तो आणि ती दोघाच तर आसत."

"म्हणजे मिया खोटो? आमच्या सात पिढ्ये गाऱ्हाणी घालतत!" गावकर लालबुंद झाला. "इतक्या समाजता तर घाल तूच गाऱ्हाणा! बघूया देव कोणाचा ऐकता!"

बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायचं, ही रीतच नव्हती. त्यात नवी सून. पण गावकर रागात बोलून बसला आणि सगुणानं पदर खोचला. ती दगडापुढे उभी राहिली, हात जोडले. मोठमोठे शब्द तिला येत नव्हते. घरात बोलतात तसं ती बोलली.

"बा देवचारा, तू दमलंस. तीन वर्सां तू आमची गुरां राखलंस, वाटो राखलंस, माझ्या घोवाचा गलबत राखतंस. आमी तुझ्याकडे नुसता मागीत ऱ्हवलों. आता तुझी झोप होऊक होयी. तर एक काम कर. ती कोंबडी घरट्यासकट उचल आणि हय शिवेर आणून दी. आमी थंय येऊक शकणव नाय, तू हय येऊक शकतंस. तिका मी सांबाळतंय. मगे तू निज. होया तितक्या निज. आमी भायर ऱ्हवतों."

बोलून झालं. आता होय म्हाराजा व्हायला हवं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. पण कुणी बोलेना. माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली, गावकराकडे बघायला लागली, खाली जमिनीकडे बघायला लागली. सगुणा एकटी उभी. जोडलेले हात तसेच. तिला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

आणि मागून एक आवाज आला. तिखट, चिरका, रोज सकाळी तिच्या कानात घुसणारा.

"होय म्हाराजा!"

मथुराबाई! गर्दीतून ढकलत ती पुढे आली, सुनेच्या शेजारी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून गावाकडे वळली. "काय जिभा झडल्यो तुमच्यो? माझी सून देवाक झोप देता, ती तुमका सोसणा नाय? बोला होय म्हाराजा!"

मग काय बिशाद होती कुणाची! आधी बायका ओरडल्या, मग पोरं ओरडली, मग बाप्ये ओरडले, आणि शेवटी कोण? रवळू गावकर. "होय म्हाराजा!" माळ दणाणला. तुम्हीही म्हणा पाहू एकदा. हां, शाब्बास. हळू रे, तुझे बाबा निजलेत.

आणि पलीकडे छुम छुम सुरू झाली. घुंगुरकाठी उडवीपाशी गेली. थांबली. पेंढा हलला. आणि मग आतून क्लॉऽऽक, आणि लगेच, "आयायायाय!" असा ओरडा, की झाडावरची माकडं पानांत लपली. ठिपकीनं चोच मारली होती देवचाराला! ज्यानं चोरांना रात्रभर माडाभोवती फिरवलं, तो कोंबडीच्या चोचीपुढे बोट चोखत उभा. देव झाला तरी खुडूक कोंबडी उचलायची त्याला कुठली सवय?

सगुणाला हसूही आलं आणि माया पण. ती काठावरून ओरडली, "देवा, घाबरां नको! घोंगडी घाल तिच्यार. काळोख झालो की गप बसतली. मगे खालसून दोनी हात घाल. हळू. अंडी हलवू नको हां!"

आणि मग चिरेखोलातल्या सगळ्यांनी जे बघितलं ते त्यांनी आपल्या नातवंडांना, आणि त्या नातवंडांनी त्यांच्या नातवंडांना सांगितलं. उडवीतून एक काळी घोंगडी आपोआप वर उठली. मधोमध फुगलेली. तिच्याखाली पेंढ्याचं अख्खं घरटं. धरणारा कुणी दिसत नाही. नुसती घोंगडी हवेतून येतेय, सावकाश, डुलत डुलत, घुंगरं एका बाजूला वाजताहेत, पेंढ्याच्या काड्या गळताहेत. खळं ओलांडलं, पाणंद ओलांडली, व्हाळावर आली. मथुराबाईनं पाटी पुढे केली. घोंगडी खाली आली, आणि घरटं पाटीत अलगद बसलं. घोंगडी ओढली गेली, तर ठिपकी आपली ऐटीत अंड्यांवर बसलेली. एक अंडं फुटलं नव्हतं!

सगुणानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. ठिपकीनं तिलाही एक चोच मारली. मारू दे. सगुणा रडत होती आणि हसत होती.

आणि मग पलीकडे काय झालं, माहीत आहे? आधी एक सुस्कारा आला. एवढा मोठा, की सगळ्यांचे पदर आणि पागोटी उडाली. मग जमीन एकदा हलली. आणि मग घुर्रर्र... घुर्रर्र... गावातली माडाची चुडतं एका तालात वर गेली, खाली आली, वर गेली, खाली आली. झोपला! देवचार झोपला! म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. पोरं नाचली. रवळू गावकरानं स्वतः जाऊन शेजारच्या गावातून तांदूळ आणले, गूळ आणला, आणि माळावर मोठ्या टोपात खीर शिजली. पुढचे तीन दिवस जी गावपळण झाली, तशी कधी झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी घोरणं थांबलं. आणि त्याच सकाळी ठिपकीच्या पंखाखालून चिंव आलं. मग दुसरं चिंव. मग नुसता चिवचिवाट. पिवळी, काळी, ठिपक्यांची, पाटीभर पिल्लं.

शिवेवर गाव जमला. रवळू गावकरानं पाकळ्या लावल्या, आणि मागं सरून म्हणाला, "गो सगुणा, तूच घाल." सगुणानं हात जोडले आणि नुसतं "बा देवचारा" म्हटलं, तोच उजवी पाकळी टपकन पडली. पुढचं ऐकायलाही थांबला नाही तो!

ढोल वाजले, ताशे वाजले. आता गावात पहिलं पाऊल कुणाचं? तो मान गावकराच्या घराण्याचा. रवळू गावकर पागोटं सावरून पुढे झाला, पाऊल उचललं, आणि त्याच्या दोन पायांमधून ठिपकी निघाली पुढे. मागं पिल्लांची रांग. व्हाळावर फळी टाकली होती, तिच्यावरून टकाटक चालत गावात शिरलीसुद्धा. गावकराचं पाऊल हवेतच. आता हा चिडतो की काय! गावकरानं पाऊल मागं घेतलं. पागोटं काढलं आणि काखेत धरलं. म्हणाला, "आमच्या घराण्याचो मान मोठो. पण हिच्या घराण्याचो वायच मोठो दिसता." आणि बाजूला झाला. "जा गो पोरी. कोंबडी तुझी, मान तुझो."

सगुणा संकोचली. तर मथुराबाईनं पाठीत हात घालून तिला पुढे लोटलं. "चल गो, फुडे हो! माझी सून ती!" हे ती अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली. आणि मग अशी मिरवणूक निघाली म्हणता! सगळ्यांत पुढे ठिपकी, तिच्यामागं पिल्लं, पिल्लांमागं सगुणा मान ताठ करून, आणि तिच्यामागं मानकरी, ढोल, ताशे, बैलगाड्या, म्हशी, पोत्यातले बोके, सगळा गाव. आणि सगळे चालताहेत कसे? तर पिल्लांच्या चालीनं. एखादं पिल्लू दाणा टिपायला थांबलं की अख्खं चिरेखोल थांबायचं. देवळापाशी पोचायला संध्याकाळ झाली, पण कुणी घाई केली नाही.

तेव्हापासून चिरेखोलात रीतच पडली. गावपळण सरली की गाऱ्हाणं घालायचं ते गावातल्या सगळ्यांत नव्या सुनेनं. आणि गावात पहिलं पाऊल टाकायचं तेही तिनंच. काल आलेली पोर पुढे, आणि सात पिढ्यांचे मानकरी हात जोडून तिच्यामागं, होय म्हाराजा म्हणत. मथुराबाईचं तोंड काही बदललं नाही हं. पण सुनेला दुसरं कुणी बोललं तर ती त्याला जेवू घालायची नाही. नवरा गलबतावरून सुखरूप परत आला. ठिपकीची पिल्लं मोठी झाली, त्यांची पिल्लं झाली, आणि सगळी माणसं, सगळी गुरं, सगळ्या कोंबड्या पोटभर खाऊन आनंदात राहिल्या.

चला, झाली गोष्ट. ते पाय आत घे, थंडी आहे. तुझं पांघरूण तिकडे सरकलंय. कंदील बारीक करते मी. निजा आता.